उघड्या चासीवरून

बसची किंवा ट्रकची नवी चासी रस्त्यानं जाताना तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांच्या खाली चाकं, पुढं उघडं इंजिन आणि इंजिनाच्या उजव्या अंगाला स्टिअरिंग धरून बसलेला एक माणूस. डोक्यावर छप्पर नाही, समोर काच नाही, बाजूला दार नाही. डोळ्यांना गॉगल, तोंडाला गमछा, डोक्याला हेल्मेट. अशा चार-पाच चासी एकामागून एक चाललेल्या असतात. मागं अडकलेला मोटारवाला हॉर्न वाजवत पुढं निघून जातो. ही माणसं कुठून आली, कुठं चालली, हे सहसा कुणी विचारत नाही.

मी त्या माणसांपैकी एक. तामिळनाडूतल्या होसूरहून नव्या चासी घेऊन मी दक्षिणेला नागरकोइलपर्यंत गेलो, उत्तरेला जम्मूपर्यंत गेलो आणि एकदा श्रीनगरपर्यंतही पोचलो. श्रीनगर ते कन्याकुमारी हा सुमारे पावणेचार हजार किलोमीटरचा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणून ओळखला जातो. मी कामाला लागलो तेव्हा तो एक रस्ता नव्हता. जुने सात महामार्ग एकमेकांना जोडून तो पुढं झाला. कन्याकुमारीहून नागपूरवरून लखनादोनपर्यंत येणारा आमचा सात नंबर, तिथून झाशीपर्यंत सव्वीस नंबर, मग पंच्याहत्तर, तीन, दोन, एक आणि शेवटी जालंधरहून काश्मीरकडे जाणारा एक-ए. आम्ही जुने चालक अजून त्याच नंबरांनी बोलतो.

मुळात हा प्रवास करावा का लागतो, ते आधी सांगतो. गाड्यांचा कारखाना इंजिन, गिअर, चाकं, ब्रेक असं सगळं बसवून चासी तयार करतो. तिच्यावरची बॉडी, म्हणजे पत्रा, सीट, खिडक्या, दारं, हे काम बहुतेक वेळा दुसरीकडं होतं. दक्षिणेत बसच्या बॉडीसाठी करूर प्रसिद्ध आहे, ट्रकच्या बॉडीसाठी नामक्कल. पंजाबात जालंधर आणि पतियाळाजवळचं भादसों. आपल्या एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत : पुण्यात दापोडी, मराठवाड्यात चिकलठाणा, नागपुरात हिंगणा. कारखान्यापासून अशा ठिकाणापर्यंत चासी पोचवायची असते. काही चासी ट्रेलरवर लादून जातात. आमच्या काळात बहुतेक स्वतःच्या चाकांवर जायच्या. कंपनी हे काम ठेकेदाराला द्यायची, ठेकेदार आम्हाला. पैसे किलोमीटरवर, डिझेल मापून, परतीचं भाडं हिशोबात धरलेलं.

मी हिंगणघाटचा. सात नंबरचा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, मग हेवी लायसन काढलं. हैदराबादच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये कृष्णगिरीकडचे एक वयस्कर चालक भेटले. आम्ही सगळे त्यांना वस्ताद म्हणायचो. त्यांनी मला होसूरला नेलं. तेव्हा देशभर चौपदरीकरण चाललं होतं, गाड्यांचा खप वाढला होता आणि चासी चालवायला माणसं कमी पडत होती.

होसूरच्या यार्डात पहिल्या दिवशी वस्तादांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आधी चासीभोवती फिरवलं. चाकांचे नट हातोडीनं ठोकून आवाज ऐकायला लावला. घट्ट नटाचा आवाज खणखणीत येतो, ढिल्याचा बद्द. एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरून इंजिन बंद करवलं आणि काटा खाली येतो का ते बघत उभं केलं. स्टेपनी, बॅटरी, जॅक, टूलबॉक्स यांची यादी तपासून घेतली, कारण रस्त्यात यातलं काही चोरीला गेलं तर पैसे चालकाच्या अंगावर. मग कागद : कंपनीचं बिल, तात्पुरती नोंदणी, विमा, गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला. जीएसटी येण्याआधी राज्याराज्यांच्या चेकपोस्टवर लागणारे फॉर्म वेगळे. हे सगळं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून बनियनच्या आत ठेवायचं, कारण चासीवर कागद ठेवायला कोरडी जागाच नसते.

त्यानंतर त्यांनी मला तयार केलं. दिवसाचा काळा गॉगल, संध्याकाळचा पांढऱ्या काचेचा. कानात कापूस. थंडीत शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे चार पदर, कारण कागदातून वारा शिरत नाही. समोरच्या पत्र्याला सुतळीनं बांधायला प्लायवूडचा तुकडा. बसायला कारखान्यानं दिलेली कामचलाऊ सीट, तिच्यावर आपल्या घरची गोधडी. काही जण गमछ्यानं स्वतःला सीटला बांधून घ्यायचे. वस्ताद ते करू द्यायचे नाहीत. "गाडी कलंडली तर उडी मारता आली पाहिजे," ते म्हणायचे. बांधून घ्यावं की नाही, यावर आम्हा चालकांत कधीच एकमत झालं नाही, कारण दोन्ही बाजूंच्या माणसांकडं आपापली उदाहरणं होती.

चासी चालवणं हे भरल्या ट्रकसारखं नसतं. मागच्या पाट्यांचे स्प्रिंग दहा-पंधरा टन वजनासाठी बनवलेले आणि त्यांच्यावर काहीच नाही. त्यामुळं खड्ड्यात मागचा भाग उसळतो, पावसात जरा जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होऊन घसरतात. वेग कमी करायचा तो गिअरवर, ब्रेकला फक्त पाय लावून ठेवायचा. नव्या इंजिनाला घाई चालत नाही, म्हणून चाळीस-पन्नासच्या पुढं काटा जाऊ द्यायचा नाही. रस्त्यावरची प्रत्येक गाडी आमच्या पुढं जायची. होसूर ते जम्मू साधारण सत्तावीसशे किलोमीटर. आठ-दहा दिवस सहज लागायचे. रात्री चालवणं टाळायचं, कारण समोर काच नसताना दिव्याकडं झेपावणारे किडे थेट तोंडावर येतात.

एवढ्या दिवसांत अंगावर धुळीचे आणि डिझेलच्या काजळीचे थर बसतात. म्हणून चासीचालकाला आंघोळ ही चैन नसते, औषध असतं. पंपावर पाणी मिळालं तर ठीक, नाहीतर नदी. त्यामुळं हा सगळा रस्ता माझ्या डोक्यात राज्यांनी मांडलेला नाही, नद्यांनी मांडलेला आहे. खालून सुरुवात करा : तिरुनेलवेलीला ताम्रपर्णी, मदुराईला वैगई, नामक्कल आणि करूरच्या मध्ये कावेरी, अनंतपूरच्या वर पामिडीला पेन्ना, कर्नूलला तुंगभद्रा, बीचुपल्लीला कृष्णा, निर्मलच्या अलीकडं सोनला गोदावरी. मग पैनगंगा, वर्धा, छपाऱ्याला वैनगंगा, बरमानला नर्मदा. धौलपूरला चंबळ, आग्र्याला यमुना. पुढं पंजाबातल्या सतलज आणि बियास, लखनपूरला रावी, जम्मूला तवी, रामबनला चिनाब आणि श्रीनगरात झेलम. या सगळ्यांत उतरता आलं असं नाही, पण पुलावर आलो की वारा बदलायचा. उघड्या माणसाला पूल येण्याआधी नदी कळते, गार ओलसर झोत आधी उजव्या गालाला लागतो की डाव्या, यावरून पाणी कुठल्या अंगाला जास्त आहे तेही कळतं.

दक्षिणेचं टोक म्हटलं की मला वारा आठवतो. तिरुनेलवेलीहून नागरकोइलकडं जाताना पश्चिम घाटाच्या रांगेत एक खिंड लागते, आरल्वायमोळी. नैर्ऋत्य मोसमी वारा त्या खिंडीतून घुसतो. म्हणूनच तिथं मुप्पंदलला पवनचक्क्यांचं एवढं मोठं रान उभं राहिलं आहे. आषाढाच्या सुमारास त्या रस्त्यानं जायचं म्हणजे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अंग पुढं झुकवून बसायचं. बॉडीच्या बसला तो वारा आडवा ढकलतो, चालक मात्र आत सुखरूप असतो. चासीचं उलट आहे. वाऱ्याला धरायला पत्राच नाही, तो लोखंडी पट्ट्यांमधून निघून जातो आणि सगळा जोर माणसावर काढतो. तिथं एकदा माझा गमछा गळ्यातून सुटून गेला, तो कुठं गेला हे बघायला मान वळवायचीही सोय नव्हती.

तिथून वर येताना देश हळूहळू बदलतो, आणि हा हळूहळूपणा हीच मला या कामानं दिलेली मोठी शिकवण आहे. नकाशावर राज्याची हद्द एका रेघेनं सुरू होते. रस्त्यावर तसं काही होत नाही. होसूर तामिळनाडूत, पण तिथल्या बाजारात तामिळइतकीच तेलुगू आणि कन्नड ऐकू येते. कर्नाटक मागं पडलं की हवा कोरडी होते, ओठ फुटायला लागतात, आणि अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाची काढणी चालू असली तर त्या मातीचा वास मैलोन्‌मैल सोबत असतो. हैदराबादच्या पुढं कामारेड्डीकडं कापूस दिसायला लागतो. निर्मल, आदिलाबादमध्ये चहाच्या टपरीवर मराठी कानावर पडते. पैनगंगेचा पूल नंतर येतो. तो ओलांडून पांढरकवड्याकडं वळलो की पाटी मराठी होते एवढंच. माती तीच, पऱ्हाटी तीच, बैलांची शिंगं रंगवायची रीतही तीच.

निर्मलजवळच्या जुन्या घाटात मी सर्वांत वाईट पाऊस खाल्ला. श्रावण होता. घाट उतरताना पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी खालून तोंडावर आणि आभाळाचं वरून. मडगार्ड नसल्यामुळं प्रत्येक डबक्यातला चिखल गॉगलवर. गॉगल पुसायला हात सोडावा तर वळण, न पुसावा तर समोरचं काही दिसत नाही. वस्ताद पुढं होते. त्यांनी एका हातानं लाल फडकं वर धरलं आणि मी दोन हातांचं काम एका हातानं करत त्या फडक्यामागं गेलो. खाली उतरल्यावर त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चासी थांबवल्या, प्रत्येकाचे हात बघितले. गारठून बोटं मिटत नव्हती. इंजिनाच्या बाजूला हात धरून आम्ही तासभर उभे होतो, मग निघालो.

त्याच फेरीत हिंगणघाटला बायपासवर आई आली होती. तिनं सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून आणला होता. आमच्या रांगेत दोन तामिळ, एक तेलुगू, एक बिहारचा आणि मी. तिनं वस्तादांना आधी वाढलं आणि मग चासीला हात लावून बघितला. माझ्याकडं वळून एवढंच म्हणाली, "याच्यावर बसून जातेस तू जम्मूले?" ती त्यानंतर मला कधी चासीवर बघायला आली नाही. डबा मात्र धाकट्या भावाच्या हाती दर वेळी पाठवायची.

नागपूर सोडलं की मनसर, देवलापार आणि पेंचचं जंगल. आता तिथं प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच उंच केला आहे; महाराष्ट्राच्या बाजूला असे नऊ मार्ग आहेत आणि त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. आमच्या वेळी तो जुना अरुंद रस्ता होता. पुढं कुरईचा घाट. संध्याकाळ व्हायच्या आत घाट चढून शिवनी गाठायचं, असा आमचा नियम. पुढं छपाऱ्याला वैनगंगा लागते. तिचं पाणी आपल्याकडं येतं, भंडारा-गडचिरोलीवरून शेवटी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. तिथून शंभरेक किलोमीटरवर बरमानला नर्मदा. तिचं पाणी पश्चिमेला, अरबी समुद्रात. आणि सागरच्या पुढं पाणी उत्तरेला यमुनेकडं वाहायला लागतं. दिवसभराच्या वाटेत पाण्यानं तीन दिशा बदललेल्या असतात. शाळेत जलविभाजक हा शब्द पाठ केला होता. तो चढ कुठं संपतो आणि उतार कुठं लागतो, हे मला गिअर बदलणाऱ्या हातानं शिकवलं.

त्याच पट्ट्यात, सागर आणि ललितपूरच्या दरम्यान, आमच्यातला एक जण पडला. एका गावाजवळ नवा गतिरोधक घातला होता. पट्टे नाहीत, पाटी नाही. त्याची चासी रांगेत तिसरी होती. मागचा भाग उसळला, तो सीटवरून उडाला आणि डावीकडं इंजिनावर आपटून खाली आला. चासी पुढं जाऊन शेतात थांबली. गळ्याचं हाड मोडलं, हात भाजला. आम्ही त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं. ठेकेदाराला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, "गाडीला किती लागलं?" दुसरा चालक पाठवतो, चासी वेळेवर पोचली पाहिजे, असं सांगून फोन ठेवला गेला. उपचाराचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरले. तो माणूस वर्षभरानं परत आला, पण मग त्यानं भाड्याची रिक्षा चालवायला घेतली. त्याची चासी मी नाही तर दुसऱ्या कुणी जम्मूला पोचवलीच. तिच्यावरच्या बसमधून आज कोण जात असेल, त्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही.

ग्वाल्हेर, मुरैना, धौलपूर हा पट्टा वैशाख-ज्येष्ठात दुपारी चालवायचा नाही. पहाटे चारला निघायचं आणि अकरा वाजता मिळेल त्या झाडाखाली थांबायचं. तिथं लू वाहते. ओला केलेला गमछा तोंडावर बांधला तर दहा मिनिटांत वाळून खरखरीत होतो. डावीकडून इंजिनाची धग, उजवीकडून वाऱ्याची. खिशात कांदा ठेवायचा आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, हे वस्तादांनी सांगितलेलं. चंबळच्या पुलावरून खाली पाण्याची निळी रेघ आणि दोन्ही बाजूंनी मातीच्या घळी दिसतात. बंद गाडीतून ते दृश्य सुंदर वाटत असेल. मला तिथं फक्त पुढचा पंप किती लांब आहे, हे दिसायचं.

आणि तोच रस्ता पौषात अंबाला-लुधियान्याकडं गेला की उलटं. धुकं असं की पुढच्या चासीच्या मागचा लाल दिवा हाच काय तो रस्ता. भुवयांवर, मिशीवर पाणी जमतं. हेल्मेटमधून थंडी कानशिलात शिरते. मे महिन्यात नकोसं झालेलं ते उघडं इंजिन तेव्हा चुलीसारखं वाटायचं. डावा गुडघा शेकलेला आणि उजवा बधिर, अशा अंगानं आम्ही सतलजचा पूल ओलांडायचो. त्या रस्त्यावर गुरुद्वारे आहेत म्हणून आम्ही तगलो. पहाटे पाचला काळ्या तोंडाची पाच माणसं दारात उभी राहिली तरी कुणी कोण, कुठले, असं विचारलं नाही. आधी गरम पाण्याची बादली, मग चहा, मग लंगरची डाळ-रोटी. वस्ताद शिवाचे भक्त. ते तिथं गेले की भांडी घासायला बसायचे. आम्हीही बसायचो.

श्रीनगरची फेरी एकदाच झाली, तीही बोगदे नवे व्हायच्या आधी. आता चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड हे मोठे बोगदे झाल्यामुळं पटनीटॉपचा चढ आणि जुना जवाहर बोगदा दोन्ही टळतात. आम्ही दोन्हींतून गेलो. तेव्हा अवजड गाड्यांना एक दिवस वर जायचा आणि एक दिवस खाली यायचा असा पाळीचा हिशोब असायचा. रामबनच्या पुढं डोंगरावरून दगड येतात, त्या जागी जवान शिटी वाजवून एकेक गाडी सोडायचे. ट्रकचालक केबिनच्या काचेतून वर बघायचे. मी नुसतीच मान वर करून बघायचो. एका जवानानं माझ्याकडं पाहिलं, रांग थांबवली आणि समोरचा डोंगर नीट न्याहाळून मला एकट्याला आधी काढून दिलं. जवाहर बोगदा १९५६ सालचा, अडीच किलोमीटरहून लांब. आत ट्रकांचा धूर कोंडलेला, वरून पाण्याचे थेंब. ओला गमछा नाकाला लावून बाहेर पडलो, आणि समोर काश्मीरचं खोरं होतं. केशराची शेतं, चिनाराची झाडं, रस्त्याकडेला बॅटी बनवायच्या विलोच्या फळ्यांच्या रचलेल्या चवडी. त्या हवेचा पहिला श्वास मी अजून विसरलेलो नाही, कारण तिच्यात आणि माझ्यात काहीच नव्हतं.

चासी पोचवणं मात्र अगदी कोरडं असतं. यार्डातला माणूस येतो, टायर मोजतो, स्टेपनी बघतो, बॅटरीचा नंबर ताडून घेतो, मीटरवरचे किलोमीटर लिहितो आणि पावतीवर शिक्का मारतो. दहा दिवस जिच्यावर बसून आलो, ती चासी रांगेत शंभरांतली एक होऊन उभी राहते. मग हेल्मेट आणि गोधडी पिशवीत घालून स्टेशन. जम्मूहून नागपूरमार्गे जाणारी अंदमान एक्स्प्रेस मिळायची; आठवड्यातून एकदा कन्याकुमारीपर्यंत जाणारी हिमसागर. जनरलच्या डब्यात दाराशी बसून तोच देश उलट्या दिशेनं दीड-दोन दिवसांत मागं जायचा. रात्रीत चंबळ गेली, झोपेत नर्मदा गेली. खिडकीतून दिसायचं सगळं, अंगाला कळायचं काहीच नाही.

हे ऐकून लोक म्हणतात, "काय भाग्य तुमचं! अख्खा देश बघितला, तोही असा." ते अर्धं खरं आहे. मला या देशाची हवा ओळखता येते, हे खरं. डोळे बांधून सोडलं तरी कावेरीकाठ आहे की नर्मदाकाठ, हे मी वासावरून सांगेन. पण माझ्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं, कारण वर्षानुवर्षं त्या कानाशी उघडं इंजिन होतं. कंबर सकाळी लगेच सरळ होत नाही. वस्ताद खोकून खोकून गेले. ते बिडी ओढत नव्हते. देश असा अंगावर घ्यायला मिळाला याचा मला अभिमान आहे, पण त्याची किंमत अंगानंच द्यावी लागली. अनुभव मोठा होता म्हणून ती किंमत योग्य ठरत नाही. छप्पर असतं तरी नद्या दिसल्याच असत्या.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम लिहिलेलं होतं. ठेकेदाराच्या रजिस्टरवर नाव नसलेल्या आम्हा लोकांना तो कधी लागला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे. उन्हात चालक थकतो आणि थकलेला चालक माणसं मारतो, हे सरकारनं मान्य केलं. आता एवढंच मान्य करायचं राहिलंय की ज्याला केबिनच नाही, तोही चालक आहे. मागणी फार मोठी नाही. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक चासीवर पाठ टेकता येईल अशी पक्की सीट, पट्टा, वर ताडपत्रीचं का होईना छप्पर, समोर काच आणि पुढच्या चाकांना मडगार्ड, हे काढून परत वापरता येण्याजोगं बसवता येतं. नाहीतर चासी ट्रेलरवरून न्यावी. खर्च वाढेल, तर तो गाडीच्या किमतीत धरावा. माणसाच्या छातीवर वर्तमानपत्र गुंडाळून तो वाचवू नये.

मी आता चासी चालवत नाही. हिंगणघाटच्या बसस्टँडसमोर माझं टायर पंक्चरचं दुकान आहे. हिंगण्याच्या कार्यशाळेत बॉडी चढवून आलेल्या एसटी रोज समोरून जातात. तिथं मीही चासी पोचवल्या आहेत, पण बॉडी चढल्यावर कुठली आपली, हे ओळखता येत नाही. तशी गरजही नाही. बसमध्ये म्हाताऱ्या चढतात, शाळेच्या मुली चढतात, खिडकीची काच लावून घेतात. ती काच बसण्याआधी ही गाडी कुणीतरी उघड्यावर बसून आणली होती, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून हे लिहिलं.

आणि एक सांगणं आहे. उघड्या चासी आजही रस्त्यानं जातात. पुढच्या वेळी दिसली तर मागून कर्कश हॉर्न देऊ नका. त्याच्या कानाशी आधीच इंजिन आहे. रात्री वरचा दिवा खाली करा, त्याच्या डोळ्यांपुढं काच नाही. पावसात पुढं जाताना वेग कमी करा आणि पुरेसं अंतर ठेवा. तुमच्या चाकाखालचं पाणी तुमच्या गाडीच्या काचेवर कधी येत नाही, ते त्याच्या तोंडावर जातं.